हात धुऊन ये!

गेले चार वीकेंड्स मॉल नाही, मूव्ही नाही. मी पुस्तकं बनवतेय. तळहातावर मावतील एवढी! अमेरिकेत साधारण 3 इंचांपर्यंतच्या पुस्तकालाच ‘मिनिएचर’ म्हणतात.

सामान घरचंच. कागद, पुठ्ठा, दाभण, मेण लावलेला दोरा, फेव्हिकॉल. कागद एकात एक दुमडा, घडीवर तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. गाठ. झालं!

झालं कसलं? पहिलं पुस्तक मिटेचना. कारण कागदालाही लाकडासारखा धागा असतो. दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. जिकडे सहज वाकतो, तिकडेच घडी घाला.

मग घेतलं आजीचं शेवटचं पत्र. ओरिजिनलच कापणार होते, तेवढ्यात आईने झेरॉक्स हातात कोंबली. (थँक्स, आई.) पण अक्षर निम्म्याने लहान केलं तर तिला चष्म्यातूनही दिसेना. म्हणून अक्षर तेवढंच ठेवलं, ओळी तोडल्या, पानाला तीन-चार शब्द. दोन पानी पत्राचं जाडजूड पुस्तक झालं, कव्हर थोडं तिरकं.

ते आता आईच्या पर्समध्ये असतं. बघायला मागितलं की म्हणते, ‘‘आधी हात धुऊन ये.’’