बोट मोडलं तरी ‘किरकोळ’? खाणीतल्या पाना-घणाच्या इजा नोंदवहीत का येत नाहीत

खाणीत ढिगारा कोसळला, डंपर उलटला की तासाभरात व्हिडिओ आपल्या मोबाईलवर येतो. आमदार येतात, चौकशी लागते, बातमी होते. पण त्याच खाणीत पाना सटकून एखाद्या हेल्परचं बोट चेंगरलं तर त्याची बातमी होत नाही. पुष्कळदा नोंदही होत नाही. पट्टी बांधून पोरगा घरी येतो. घरच्यांनी विचारलं तर म्हणतो, “काही नाही, थोडं लागलं.”

या ‘थोडं लागलं’चा हिशेब आज मांडायचा आहे. घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर आणि शेजारच्या वणी भागात वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंट कारखान्यांच्या चुनखडीच्या खाणी आहेत. भोवतालच्या गावांतली कितीतरी पोरं तिथे ठेकेदाराकडे फिटर, हेल्पर, वेल्डर म्हणून जातात. हा लेख कुण्या एका कंपनीबद्दल नाही. जिथे मशीन दुरुस्त होतं, तिथे सगळीकडे लागू पडणारी ही गोष्ट आहे.

इजा होते कशी?

खाणीत कोळसा काढणारे वेगळे आणि मशीन चालू ठेवणारे वेगळे. शॉव्हेलच्या बकेटचे दात बदलणे, डोझरच्या चेनची पिन ठोकून काढणे, कन्व्हेअर बेल्टचे रोलर बदलणे, पंपाचे नट खोलणे ही मेंटेनन्सची कामं. त्यातलं बरंचसं काम आजही पाना, घण, छिन्नी, सब्बल आणि चाकूनेच होतं.

पहिला प्रकार पान्याचा. धूळ, पाणी आणि गंजाने नट जाम होतो. पान्याची ताकद पुरत नाही म्हणून दांड्याला पाईप घालून लांबी वाढवतात. पाना झिजलेला असेल किंवा मापाचा नसेल तर जोर लावताच तो सटकतो. माणूस सगळ्या वजनानिशी पुढे जातो आणि मूठ लोखंडावर आपटते.

दुसरा प्रकार घणाचा. एकजण छिन्नी किंवा पिन हातात धरतो, दुसरा घण मारतो. धरणारा बहुतेक वेळा हेल्पर, म्हणजे नवीन पोरगा. घाव चुकला तर सापडतो तो धरणाऱ्याचा हात. धरायला लांब दांड्याचा चिमटा वापरला तर हात घावाच्या वाटेतून बाजूला राहतो. साधी वस्तू आहे, गावच्या लोहाराकडेही असते.

तिसरा प्रकार डोळ्याचा. बकेटच्या दाताची पिन कडक पोलादाची असते. कडक पोलादावर कडक पोलादाचा घाव बसला की कपची उडते, गोळीसारखी. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलेलं असेल तर त्याच्या कडाही तुटून उडतात. असं डोकं ग्राइंडरवर घासून काढायला काही मिनिटं लागतात. डोळा गेला तर तो परत येत नाही.

चौथा प्रकार चाकूचा. बेल्टचा जोड मारताना जाड रबर कापावं लागतं. चाकू बोथट असला की जोर जास्त लागतो. जोर लावून आपल्याच दिशेने ओढला आणि तो सुटला, की दुसऱ्या हातावर नाहीतर मांडीवर येतो. शेतात ऊस-कडबा तोडणाऱ्याला हे सांगायला नको: बोथट विळा जास्त लागतो.

या चारही प्रकारांत नशिबाचा भाग थोडा आहे. झिजलेला पाना, पसरलेली छिन्नी, बोथट चाकू आणि हाताने धरलेली पिन या गोष्टी अपघाताच्या आधी कुणालाही दिसतात.

कायदा ‘किरकोळ’ कशाला म्हणतो?

इथे खरी मेख आहे. साइटवर ज्याला किरकोळ म्हणतात, त्याला कायदा बरेचदा किरकोळ म्हणत नाही.

खाण कायदा १९५२ मध्ये इजेचे दोन प्रकार स्पष्ट सांगितले आहेत. एक, ‘गंभीर शारीरिक इजा’. यात शरीराचा भाग कायमचा जाणं, नजर किंवा ऐकणं जाणं हे तर आहेच. पण हाड मोडणंही आहे, आणि त्यात हाताच्या किंवा पायाच्या बोटाचं हाडही येतं. म्हणजे करंगळीचं एक पेर मोडलं तरी कायद्याने ती गंभीर इजा ठरते आणि ती खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवावी लागते. त्यांचं मुख्यालय धनबादला आहे आणि आपल्या भागाचं कार्यालय नागपूरला.

दुसरी, ‘नोंदणीयोग्य इजा’. हाड मोडलं नाही, पण माणूस ७२ तास किंवा जास्त कामावर येऊ शकणार नाही, अशी इजा. तीही रजिस्टरमध्ये लिहावी लागते.

नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे नव्या कामगार संहितांमध्ये सामावले गेले. पण बोटाचं हाड मोडणं ही गंभीर इजा आहे, ही व्याख्या नव्या संहितेतही आहे.

आता गावागावात ऐकू येणारी गोष्ट बघा. पोराच्या बोटाला लागतं. सुपरवायझर म्हणतो, “घरी राहू नको, येऊन बसून राहा, हजेरी लागून जाईल.” पोराला वाटतं, माणूस भला आहे, रोज बुडू दिला नाही. पण त्या हजेरीने काय झालं? तीन दिवसांची गैरहजेरी कागदावर आलीच नाही. एक्स-रे काढलाच नाही, तर हाड मोडल्याचा पुरावाही नाही. ठेकेदाराचा कागद साफ राहिला. ‘इतके दिवस अपघातमुक्त’ हा बोर्डही तसाच राहिला.

सुपरवायझर प्रत्येक वेळी वाईट मनानेच असं करतो असं नाही. त्याच्यावरही वरून दबाव असतो. ठेका टिकवायचा आहे, चौकशी नको आहे. आणि पोरालाही उद्या काम हवं आहे. सगळ्यांनाच गप्प बसणं सोपं वाटतं. नुकसान मात्र एकाचंच होतं.

नोंद नाही, तर काय जातं?

पहिलं, पैसा. कामावर झालेल्या कायमच्या इजेसाठी नुकसानभरपाईची टक्केवारी कायद्यात छापलेली आहे. उजवा हात असो की डावा, टक्केवारी तीच:

• अंगठा पूर्ण गेला : ३० टक्के
• तर्जनी (अंगठ्याजवळचं बोट) पूर्ण : १४ टक्के, एक पेर : ९ टक्के
• मधलं बोट पूर्ण : १२ टक्के, एक पेर : ७ टक्के
• अनामिका किंवा करंगळी पूर्ण : ७ टक्के, एक पेर : ५ टक्के
• एका डोळ्याची नजर गेली, दुसरा चांगला : ३० टक्के

बोट जागेवर आहे पण कायमचं निकामी झालं, तर तेही गेल्यासारखंच धरलं जातं.

आता हिशेब करू. वय ३५, महिना पगार १५,००० रुपये. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. या वयासाठी कायद्याने दिलेला गुणक १९७.०६. दोन्हींचा गुणाकार १७,७३,५४० रुपये. तर्जनी पूर्ण गेली असेल तर त्याचे १४ टक्के, म्हणजे साधारण २ लाख ४८ हजार रुपये. अंगठा गेला असेल तर ५ लाख ३२ हजार. तर्जनीचं एक पेर गेलं तरी दीड लाखाच्या वर. पगार १५ हजारांपेक्षा जास्त असला तरी केंद्राने जानेवारी २०२० मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार हिशेबात १५ हजारच धरतात.

याशिवाय उपचाराचा खरा खर्च मालकाने द्यायचा असतो. काम बंद असेल त्या काळात दर पंधरवड्याला महिना पगाराच्या २५ टक्के रक्कमही मिळते. हे सगळं सोडून माणूस दोन-तीन हजार रुपये आणि “काळजी नको करू” एवढ्यावर समाधान मानतो, कारण त्याला हा तक्ता कुणी दाखवलेलाच नसतो.

दुसरं, घरची शेती. आपल्याकडे खदानीत जाणारा पोरगा शेतीतूनही सुटलेला नसतो. पाळी संपवून तो कापसाला पाणी देतो, डवरा धरतो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो. अंगठा वळत नसेल तर यातलं काय होणार? कापूस वेचायला बोटंच लागतात. कागदावर १४ टक्के लिहिलेलं असतं, घरात मात्र अर्धा माणूस कमी झालेला असतो.

तिसरं, पुढच्या माणसाचा हात. नोंद झाली तर कुणीतरी विचारतं: पाना कोणता होता, कुणाचा होता, आधी का बदलला नाही? नोंदच नसेल तर तोच झिजलेला पाना दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हातात जातो. अमेरिकेत खाण अपघातांच्या सरकारी वर्गवारीत हाताच्या अवजारांसाठी वेगळा रकाना आहे आणि ती माहिती कुणालाही बघता येते. तिथली अवजारं जादूची नाहीत, पानाही तोच आणि घणही तोच. पण कशाने किती हात जखमी झाले हे मोजलं जातं, म्हणून काय बदलायचं हे कळतं. लहान इजाच लिहिली नाही तर आपल्याकडे हे कळणार कसं?

“ग्लोव्हज घातले नव्हते” हे उत्तर पुरत नाही

इजा झाली की पहिला प्रश्न येतो, “मोजे घातले होते का?” मोजे हवेतच. पण घणाच्या घावापुढे कापडी मोजा काय करणार? आणि फिरत्या ड्रिलजवळ सैल मोजा घातला तर तोच अडकून हात ओढतो. मोजा हा शेवटचा बचाव आहे. त्याच्या आधी चांगला पाना, चिमटा, चष्मा आणि पुरेसा उजेड यायला हवा. ठेक्याच्या कामात पाने कोण आणणार आणि झिजलेले कोण बाद करणार, हे आधीच ठरलेलं असायला हवं. सुरक्षेच्या साहित्याचे पैसे कामगाराच्या पगारातून कापता येत नाहीत, हेही नव्या संहितेत लिहिलेलं आहे.

विचारण्याची जागाही आहे. खाण नियम १९५५ प्रमाणे शंभरापेक्षा जास्त माणसं असलेल्या खाणीत सुरक्षा समिती लागते. पाचशे किंवा जास्त माणसं असतील तर कामगारांच्या बाजूने तपासणी करणारे तीन कामगार निरीक्षक लागतात, त्यातला एक यंत्रसामग्रीसाठी. युनियनने या बैठकीत पान्यांची आणि छिन्न्यांची यादी मागायला हवी. ठेक्यावरच्या पोरांचा विषयही तिथेच निघायला हवा, कारण पाना धरणारे आता पुष्कळ ठिकाणी तेच आहेत.

लागलं तर काय कराल?

१. त्याच पाळीत सरदार, ओव्हरमन किंवा फोरमनला सांगा. तोंडी सांगितलं तर लगेच व्हॉट्सॲपवर वेळ, जागा आणि अवजार लिहून पाठवा. तो मेसेज पुढे पुरावा होतो.

२. बोट सुजलं असेल तर एक्स-रे काढाच. डॉक्टरच्या चिठ्ठीवर “कामावर असताना इजा” असं लिहून घ्या.

३. हजेरीचा, पगाराचा आणि गेटपासचा फोटो जपून ठेवा. ठेकेदार उद्या “हा माझ्याकडे नव्हताच” म्हणू शकतो.

४. “मला काही नको” अशा कागदावर सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच असतो.

५. ठेकेदार पळाला तरी दावा संपत नाही. ज्याच्या खाणीत काम चालू होतं त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते.

६. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

आपल्या भागात खाणीसाठी शेती गेली आणि बदल्यात काम मिळालं, अशी घरं पुष्कळ आहेत. ते काम आता या पोरांच्या हातावर चालतं. म्हणून आज रात्री पाळीवरून घरी आलेल्या भावाचा, नवऱ्याचा, मुलाचा हात एकदा उजेडात बघा. पट्टी असेल तर विचारा, “रजिस्टरमध्ये लिहिलं का?” तो म्हणाला, “थोडंच लागलं”, तर वरची टक्केवारी त्याला वाचून दाखवा.