‘यू’ आणि अरेतुरे

परवा अनुवादाच्या तासाला एक इंग्रजी उतारा घेतला होता. मालक आपल्या म्हाताऱ्या नोकराशी बोलतो आहे. ‘यू’पाशी येताच वर्गात दोन तट पडले. कुणी म्हणे ‘तू’ लिहा, कुणी म्हणे ‘तुम्ही’. एकजण वैतागून म्हणाला, ‘‘सर, इंग्रजांना मानपान ठाऊकच नाही का?’’

ठाऊक नसायला काय झाले! हे ‘यू’ मुळातले अनेकवचन, आणि तेही कर्माचे रूप; कर्त्याच्या जागी ‘यी’ असे. एकट्या माणसाला ‘दाऊ’ म्हणत. तेच आपले ‘तू’. पुढे १३व्या शतकापासून, फ्रेंच रीतीच्या वळणाने, थोर माणसाला तो एकटा असला तरी अनेकवचन लावू लागले. ‘दाऊ’ राहिले घरच्यांना, चाकरांना आणि देवाला. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याचा पाणउतारा केला तो या ‘दाऊ’नेच. मग हळूहळू जो तो सर्वांनाच ‘यू’ म्हणू लागला. ‘दाऊ’ मुख्यतः प्रार्थनेत आणि काही बोलींत उरले. म्हणजे इंग्रजीने टाकले ते ‘तू’, ‘तुम्ही’ नव्हे! क्रियापद अजून साक्ष देते. एकट्यालाही ‘यू आर’च म्हणायचे, ‘यू इज’ नाही. आपणही एकट्या पाहुण्याला ‘तुम्ही आलात’ असेच म्हणतो की!

हे सारे मी ऐटीत सांगत असतानाच शिपाई नोटीस घेऊन दारात आला.

‘‘ठेव तिकडे,’’ मी म्हणालो.

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, ‘‘सर, हे ‘दाऊ’ झालं ना?’’

वर्ग हसला. मीही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. हा माणूस माझ्याहून दहाबारा वर्षांनी वडील. इतकी वर्षे मी त्याला अरेतुरे करीत आलो, आणि मला त्याचे कधी काही वाटले नव्हते.

नोटिशीवर सही केली. कागद परत देताना जीभ जरा अडखळली.

‘‘घ्या, मामा.’’

त्यांनी मागे वळून पाहिले. आपल्या मागे दुसरे कोणी उभे आहे की काय, असे त्यांना वाटले असावे.

उताऱ्यात वर्गाने अखेर ‘तुम्ही’ लिहिले. मी खोडले नाही.