हवेतली बांधकोरी

शेताचा बांध कोरणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. दरसाल नांगराचे एक तास पलीकडे सरकते, आणि हटकले तर "बांध आहेच कुठे? दाखवा!" असा उलटा सवाल येतो. हीच जात आता डोंगरमाथ्यावर चढून हवेत नांगर घालू लागली आहे.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, आणि परवाना काढून हौशी रेडिओही चालवितो. आम्हांला 'हॅम' म्हणतात. रिपीटर हा आमचा दवंडीवाला. माझ्या हातातल्या पाच वॅटच्या संचाचा आवाज डोंगरापलीकडे पोचत नाही. म्हणून माथ्यावर एक यंत्र बसवायचे. ते एका फ्रीक्वेन्सीवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसरीवर, बहुधा ६०० किलोहर्ट्झ अंतरावर, जोराने सांगते. हा कारभार बव्हंशी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढ्याशा पट्ट्यात चालतो.

आता कोणी हौसेने रिपीटर उभारतो, आणि दुसऱ्या जिल्ह्यात जुनी असलेली फ्रीक्वेन्सीच बिनदिक्कत उचलतो. म्हणतो काय, तर "अहो, तीनशे किलोमीटर लांब! तुमचा आवाज इकडे येतो कुठे?"

आज येत नाही, कबूल. पण उन्हाळ्यात समुद्रावरच्या दमट, गार हवेवर जमिनीकडची कोरडी, उष्ण हवा पसरते, आणि त्या थरात कोंडलेल्या लहरी पन्हळीतल्या पाण्यासारख्या दूरवर धावतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानचे प्रतिध्वनी उमटत! तिथे तीनशे किलोमीटरची काय कथा? याला आम्ही 'बँड उघडला' म्हणतो. त्या दिवशी हॅमच्या घरी दिवाळी असते, आणि एका फ्रीक्वेन्सीवर बसलेल्या दोन रिपीटरांत शिमगा.

हॅम माणूस बोलण्याआधी "फ्रीक्वेन्सी रिकामी आहे का?" म्हणून विचारतो. यंत्र विचारीत नाही. तेव्हा ते बसविणाऱ्याने विचारायला नको? "टोन लावला की झाले," हे दुसरे पालुपद. टोन म्हणजे दाराचे कुलूप. परका आपले यंत्र उघडू शकत नाही, इतकेच. दारात चाललेला गलबला कुलपाने थांबत नाही. एफ.एम.मध्ये तर बळी तो कान पिळी. जोराचा आवाज क्षीण आवाजाला गिळून टाकतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, टेलिफोन मुके झाले, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचविले. ढिगाऱ्याशेजारून बोलणाऱ्याचा आवाज क्षीणच असतो, आणि भूकंप काही बँड मिटलेला पाहून येत नाही.

"आमच्याकडे परवाना आहे!" आहे ना. पण तो गायरानात गुरे सोडण्याचा परवाना. गायरानाचा सातबारा नव्हे.

अमेरिकेत याला सरकारी नियमच आहे. दोन रिपीटरांची टक्कर झाली तर दोघेही सारखेच जबाबदार. मात्र एकाने समन्वयकाच्या शिफारशीने फ्रीक्वेन्सी घेतली असेल आणि दुसऱ्याने नाही, तर मुख्य भार त्या दुसऱ्यावर. आणि समन्वयक कोणी साहेब नव्हे. तिथल्या हौशी मंडळींनीच मानलेला. आपल्या मंडळींना पंच नेमायला कोणी बंदी केली आहे? पंगतीत कोण कुठे बसणार हे ठरवायला आपल्याला दिल्लीचे पत्र लागत नाही.

जुन्या रिपीटरवाल्यांनाही सोडीत नाही. पाटी मिरवायची, यंत्र महिनोन्महिने बंद, आणि नव्याने विचारले की "ती आमची!" अशाने आपली जागा मुकाट सोडावी.