बोगद्यानंतरचा घाट

बोगदा झाला की घाट संपला, असे आपण धरून चालतो. नारळ बोगद्याच्या तोंडाशी फुटतो, किती मिनिटे वाचली याचे आकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतात, आणि डोंगराच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या वळणे घेत पडलेला जुना रस्ता कुणाच्या हिशेबात उरत नाही. गेल्या काही वर्षांत सह्याद्रीत असे बरेच नारळ फुटले. कशेडी घाटाखालून जवळजवळ दोन किलोमीटरचे जुळे बोगदे निघाले आणि २०२३ च्या गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या त्यांतल्या एकातून कोकणात उतरल्या. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाला बगल दिली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’साठी जवळजवळ नऊ किलोमीटरचा बोगदा खोदला गेला, तोही बोरघाटाची वळणे चुकवण्यासाठीच.

बोगदे हवेत, याबद्दल वाद नाही. घाटात बंद पडलेल्या ट्रकमागे ज्याने रात्र काढली आहे, तो बोगद्याला नावे ठेवणार नाही. प्रश्न आहे तो मागे राहिलेल्या घाटाचा. कर्ज फिटलेल्या मालमत्तेचे काय करायचे, हे बँकेत वारंवार पाहायला मिळते. कुणी ती नीट राखून भाड्याने देतो, कुणी कुलूप लावून विसरतो, आणि मग वाळवी किंवा शेजारी यांपैकी कुणीतरी ती ताब्यात घेते. जुना घाट ही अशीच फिटलेली मालमत्ता आहे. तिच्यावरचा पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचा असावा, असे माझे म्हणणे आहे.

सायकल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दूधवाला येतो, नाहीतर शाळकरी मुलगी. पण पहाटे भोरहून वरंध्याकडे किंवा वाईहून पसरणीकडे निघालात, तर डोक्याला शिरस्त्राण आणि पाठीशी लाल दिवा लावलेली माणसे वाकून चढताना दिसतील. त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त झालेले आहेत. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पुरी केली, तेव्हापासून या वेडाला महाराष्ट्रात प्रतिष्ठाही आली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा तर त्याहून कितीतरी जुनी.

घाट आणि सायकल यांचे जमते, त्यामागे साधे गणित आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा तो बैलांसाठी आणि घोड्यांसाठी आखला होता. जनावराची छाती फुटू नये म्हणून चढ बेताचा ठेवायचा आणि त्यापायी वळणे वाढवायची, हे त्या काळच्या आखणीचे सूत्र. माणसाच्या मांड्यांनाही तोच चढ मानवतो. सराव असलेला मध्यमवयीन माणूस तासभर टिकवील अशी ताकद दीडशे वॅटच्या आसपास, म्हणजे घरातल्या दोन पंख्यांइतकी. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरा. एवढ्या ताकदीत पाचशे मीटर उंची गाठायला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. वेग ताशी दहा-बारा किलोमीटर. या वेगाला झऱ्याचा आवाज ऐकू येतो, करवंदाची जाळी दिसते, दरीतून वर येणारा वारा कळतो.

आणि याच वेगाला मागून येणारा ट्रक जिवावर बेततो. चढावर सायकलवाला थोडा इकडे-तिकडे होतोच. घाटातला रस्ता अरुंद, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. म्हणून ही मंडळी पहाटे चारला घर सोडतात आणि रहदारी जागी होण्याआधी परततात.

घाट आणि बोगदा यांची सांगड कशी घालावी, याचे उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडमध्ये आहे. गॉटहार्ड खिंडीवरचा ट्रेमोला हा गाडीरस्ता आपल्या बोरघाटाचा समवयस्क, तोही १८३० च्या सुमाराचा. दक्षिणेकडच्या आयरोलो गावापासून सुमारे ९३० मीटर चढत तो २१०६ मीटरवरचा माथा गाठतो. चोवीस पिळाची वळणे, वर दगडी फरसबंदी. वाहतूक वाढल्यावर शेजारून रुंद रस्ता झाला आणि १९८० मध्ये डोंगराखालून जवळजवळ सतरा किलोमीटरचा मोटारबोगदा. ट्रेमोला ओस पडला, पण स्विस लोकांनी तो टाकला नाही. फरसबंदी राखली, आणि आज जगभरचे सायकलस्वार उन्हाळ्यात तो दगडी रस्ता चढायला येतात. शेजारच्या इटलीत स्टेल्व्हिओ ही २७५७ मीटर उंचीची खिंड आहे. एका बाजूने तिला ४८ वळणे आहेत. तिथे वर्षातून एक दिवस मोटारींना बंदी असते आणि हजारो लोक सायकलवर माथा गाठतात. फ्रान्सने तर याहून स्वस्त युक्ती केली. कित्येक खिंडींच्या वाटेवर दर किलोमीटरला छोटी पाटी लावली: माथा किती दूर, उंची किती, पुढच्या किलोमीटरचा चढ किती. खर्च पाटीचा, आणि दमलेल्या माणसाला सोबत फुकट.

आपल्याकडे घाट ओस पडला की दोनच गोष्टी संभवतात. पहिली, दुर्लक्ष. आल्प्सचा शत्रू बर्फ, आपला शत्रू पाऊस. गटार तुंबले की पाणी रस्त्यावरून वाहते, मोरी बुजली की भराव खचतो, आणि दोन पावसाळ्यांत रस्ता दरीत जातो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटाची काय अवस्था झाली, ते आपण पाहिले. दुसरी गोष्ट, मौजमजा. ट्रक गेले की त्यांची जागा शनिवार-रविवारच्या मोटारी घेतात, त्यांच्यासोबत गाण्यांचे भोंगे आणि बाटल्यांच्या काचा येतात. अशा घाटात सायकलवाल्याला ट्रकचा काळ बरा होता असे वाटेल.

आणखी एक बाजू आहे, ती पोटाची. घाटमाथ्यावरच्या हॉटेलाला कर्ज देताना बँक इमारतीपेक्षा समोरच्या रस्त्यावरची वर्दळ पाहते. बोगदा झाला की ते तारण एका रात्रीत उडते. हप्ते मात्र चालूच राहतात. वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी भजी आणि चहा विकणाऱ्यांची कमाई थांबणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. पन्नास किलोमीटर सायकल हाणून आलेला माणूस थांबल्याशिवाय राहत नाही, आणि एका प्लेटवर त्याचे भागतही नाही. शंभर सायकली ट्रकांची भरपाई करणार नाहीत, हे खरे. पण चूल विझू न देण्याइतके काम त्या करू शकतील.

काही जण विचारतील, चार हौशी लोकांसाठी रस्ता का सांभाळायचा? त्याचे उत्तर पुन्हा गॉटहार्डमध्येच आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये त्या बोगद्यात दोन ट्रक धडकले, आग लागली, अकरा माणसे गेली आणि बोगदा सुमारे दोन महिने बंद राहिला. बोगद्याला पर्यायी रस्ता लागतोच. ज्या घाटात दर आठवड्याला माणसे असतात, तिथली खचलेली कडा आणि तुंबलेली मोरी लवकर नजरेस येते. जिथे कुणी फिरकत नाही, तिथला रस्ता गरज पडेल त्या दिवशी जागेवर नसतो.

मागणे फार मोठे नाही. बोगद्याने मोकळ्या केलेल्या घाटांपैकी एखादा निवडावा. पावसाळा संपल्यावर, दरडी आणि कठडे तपासून, दर रविवारी पहाटे पाच ते नऊ तो खाजगी मोटारींना बंद ठेवावा. एसटी, रुग्णवाहिका आणि घाटातल्या गावांची वाहने यांना मुभा असावी. किलोमीटरच्या दगडांवर उंची आणि चढ रंगवावा. गटारे उपसणारी माणसे कामावरून कमी करू नयेत. नव्या कायद्याचीही गरज नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध घालता येतात, आणि दरडीच्या भीतीने पावसाळ्यात घाट बंद करण्याचे आदेश जिल्हाधिकारी काढतातच. धोक्यासाठी जो अधिकार वापरला जातो, तो आठवड्यातले चार तास आनंदासाठी वापरून पाहावा.

बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याचा जीव घेतला गेला, अशी दंतकथा. येणारे-जाणारे गाडीतूनच त्याच्यापुढे नाणे टाकतात. बोगद्यातून जाणाऱ्याला आता तेवढीही सवड असणार नाही. ज्याने ही वाट दाखवली त्याच्यापाशी क्षणभर पाय टेकायला वेळ असणारा प्रवासी यापुढे सायकलवरूनच येईल. तो येईपर्यंत वाट शाबूत राहील एवढे आपण पाहायला हवे.