अढळ आकाश आणि आमचे वेळापत्रक

ध्रुवाच्या अढळपदाची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु हा ध्रुवही रूपविकारी तारा आहे. सुमारे चार दिवसांच्या आवर्तनाने त्याचे तेज किंचित कमीअधिक होत असते. मग इतर ताऱ्यांची काय कथा! इ. स. १५७२ मध्ये शर्मिष्ठेत अकस्मात उजळलेला तारा टायको ब्राहेने पाहिला आणि आकाशाच्या अविकारीपणावरील युरोपीय पंडितांची श्रद्धा डळमळू लागली.

असे बदल कोठे घडतील हे आगाऊ कळत नाही. म्हणून दुर्बीण केवळ दूरदर्शी असून भागत नाही. तिची दृष्टी विशालही असावी लागते. अमेरिकेतील पालोमार येथे १.२ मीटर व्यासाच्या जुन्याच दुर्बिणीला नवा कॅमेरा जोडून २०१८ साली ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ सुरू झाली. तिच्या एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश येते; त्यात पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र मावतील! आजच्या चित्रातून पूर्वीचे चित्र संगणक वजा करतो. जे उरते त्यात नवलाचा शोध घ्यावयाचा. या पाहणीच्या प्रवर्तकांपैकी डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कुरुंदवाडचा व बालपण हुबळीचे, याचे आम्हांस कौतुक वाटते. चिलीतील वेरा रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर दुर्बिणीची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

यंत्रेच अहोरात्र पाहू लागल्यावर विद्यार्थ्याने आकाश कशाला पाहावे, असे कोणी विचारील. आमचे मत उलट आहे. बदल झाला एवढेच यंत्र सांगते. तो का झाला, हा प्रश्न जिज्ञासू मनालाच पडतो. शिवाय कालची नोंद नसेल तर आजची वजाबाकी कशातून करणार? हा धडा लहानांनाही गिरवता येतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगातील काक्षी तारा इतका मंदावला, की तो फरक नुसत्या डोळ्यांनाही जाणवत होता. ताऱ्यातून बाहेर पडलेल्या धूलीने तो झाकोळला, असा निष्कर्ष पुढे निघाला.

आमच्या शाळांतून नक्षत्रांची नावे पाठ होतात, पण नक्षत्रे पाहण्याचा तास वेळापत्रकात नसतो. ही उणीव भरून काढण्यास पैसा लागत नाही. एक वही, पेन्सिल आणि नियमितपणा पुरे. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून काक्षीचे तेज आठवड्यातून एकदा, तारखेसह टिपून ठेवावे. बदल दिसला नाही, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. विज्ञानाची खरी दीक्षा तेथेच मिळते, असे आम्ही मानतो.