मुक्तता कोणाची, मोकळीक कोणाला?

क्रिकेटचा हंगाम संपला तरी क्रिकेटच्या बातम्या संपत नाहीत, याचा प्रत्यय 2025 च्या उत्तरार्धात पुन्हा एकदा आला. राजस्थान रॉयल्सचा कर्णधार संजू सॅमसन संघ सोडणार, अशी वावडी ऑगस्टमध्ये उठली. पुढचे तीन महिने तो कधी चेन्नईला, कधी कोलकात्याला, तर कधी दिल्लीला जाणार असल्याचे सांगण्यात येत होते. त्याच्या बदल्यात कोण येणार याच्या याद्याही रोज नव्याने निघत होत्या. अखेर 15 नोव्हेंबर 2025 रोजी सौदा जाहीर झाला. सॅमसन 18 कोटी रुपयांच्या मोबदल्यासह चेन्नईकडे गेला. चेन्नई संघावरील बंदीची दोन वर्षे सोडली तर 2012 पासून त्याच संघाकडून खेळलेला रवींद्र जडेजा हा सॅम करनसह राजस्थानच्या वाट्याला आला. जडेजाचा मोबदला 18 कोटींवरून 14 कोटींवर उतरला. चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र या सौद्याचा नफातोटा मांडला गेला. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही: या साऱ्या घडामोडीत आपण कोठे खेळावे हे ठरविण्याचा खेळाडूचा स्वतःचा हक्क कितीसा होता?

अफवा हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी एक भाबडी समजूत असते. व्यावसायिक खेळात अफवा हे वाटाघाटीचे हत्यार असते. अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये या हत्याराचा वापर सर्वांत उघडपणे दिसतो. तेथे करार पुरा झालेला खेळाडू ‘मुक्त’ होतो. म्हणजे तो हव्या त्या संघाशी नवा करार करू शकतो आणि जुन्या संघाला त्याच्या जाण्याबद्दल काहीही भरपाई मिळेलच असे नाही. त्यामुळे एखाद्या नामवंत खेळाडूचा करार संपत आला की संघमालकापुढे पेच उभा राहतो. आताच अदलाबदल करून बदल्यात चार चांगले खेळाडू पदरात पाडून घ्यावेत, की तो राहील या भरवशावर बसून उद्या हात चोळावेत? बातम्यांना पीक येते ते नेमके याच काळात. खेळाडूचा मध्यस्थ बातमी सोडतो ती भाव वाढावा म्हणून. संघ सोडतो ती चाहत्यांच्या मनाची तयारी व्हावी म्हणून. आणि तिसराच संघ सोडतो ती प्रतिस्पर्ध्याला जास्त किंमत मोजावी लागावी म्हणून. बातमी ‘आतल्या गोटातून’ आली असे म्हटले जाते, तेव्हा तो गोट कोणाचा, हे वाचकाने आधी विचारले पाहिजे.

तथापि बास्केटबॉलपटूच्या या मुक्ततेमागे एक इतिहास आहे आणि तो ध्यानात घेतल्यावाचून प्रश्नाचे मर्म कळणार नाही. ही मुक्तता मालकांनी खुशीने दिलेली नाही. एके काळी तेथील खेळाडू करार संपल्यावरही जुन्याच संघाशी बांधलेला राही. 1970 साली खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने या बंधनाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला. तो सहा वर्षे चालला आणि 1976 मध्ये तडजोड होऊन खेळाडूंना संघ बदलण्याची वाट मोकळी झाली. अनुभवी खेळाडूंना पूर्णपणे निर्बंधमुक्त होण्यासाठी 1988 पर्यंत थांबावे लागले. आज त्या खेळाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंकडे जातो, तो या संघटित लढ्यामुळे. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. करार चालू असेपर्यंत खेळाडूला न विचारता त्याची अदलाबदल होऊ शकते. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलस संघाने लुका डॉन्चिच या आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला एका रात्रीत लॉस एंजेलिसकडे धाडले, तेव्हा सारे क्रीडाजगत चकित झाले. पण करार संपण्याचा एक दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवशी निर्णय खेळाडूच्या हाती येतो, ही खात्री तेथे आहे.

आपल्याकडच्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये असा दिवस खेळाडूच्या आयुष्यात उगवतच नाही. हंगाम संपला की त्याला ठेवायचे की सोडायचे, हे संघमालक ठरवितो. सोडले तर तो लिलावात जातो आणि तेथे जो संघ सर्वांत मोठी बोली लावील त्याच्याकडे त्याला जावे लागते. दोन संघांमधील सौद्यास खेळाडूची संमती लागते हे खरे. पण त्याचा संघ त्याला सोडण्यास तयार नसेल तर त्या संमतीला अर्थ उरत नाही. जडेजाच्याच कारकिर्दीत हे दिसून आले आहे. त्याने राजस्थानबरोबर नवा करार न करता दुसऱ्या संघाशी बोलणी केली, म्हणून 2010 चा संपूर्ण हंगाम त्याला खेळण्यास मनाई करण्यात आली होती. पंधरा वर्षांनंतर दोन संघमालकांच्या सोयीने तो त्याच राजस्थानकडे परत गेला, तेव्हा तो नियमबद्ध व्यवहार ठरला. इंग्लंडच्या हॅरी ब्रुकने लिलावानंतर मार्च 2025 मध्ये माघार घेतली, तेव्हा त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. संघाने खेळाडूला सोडले तर मात्र संघावर कोणतीही बंदी येत नाही.

या विषमतेची किंमत आकड्यांतही दिसते. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून अधिक. 2026 च्या हंगामासाठी दहा संघांना प्रत्येकी 125 कोटी रुपये खर्चाची मर्यादा घालून देण्यात आली. ही सारी रक्कम खर्च झाली आणि प्रत्येक सामन्याचे साडेसात लाखांचे मानधन त्यात मिळविले, तरी खेळाडूंचा वाटा नुसत्या प्रक्षेपणाच्या उत्पन्नाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास राहतो. त्यांच्या वतीने हा हिशेब मागणारे कोणी नाही. 2019 मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना केवळ निवृत्त खेळाडूंची आहे.

सॅमसन आणि जडेजा यांच्यासारख्यांना अफवा काही अंशी तरी तारतात. त्यांच्या नावाला वजन असते आणि म्हणून त्यांच्या नाराजीची दखल घेतली जाते. ज्यांच्या नावाला असे वजन नाही, त्यांचे काय होते हे पाहण्यासाठी धाराशिव जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर हा वेगवान गोलंदाज फेब्रुवारी 2022 मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याच महिन्यातील लिलावात 30 लाखांपासून सुरू झालेली त्याची बोली दीड कोटींवर जाऊन थांबली आणि चेन्नईने त्याला घेतले. सबंध जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ती घटना होती. पहिल्या हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. 31 मार्च 2023 रोजी अहमदाबाद येथे गुजरातविरुद्ध पदार्पणाच्या सामन्यात त्याने 36 धावांत 3 बळी घेतले. पण त्या हंगामात त्याच्या वाट्याला एकूण दोनच सामने आले. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात लखनौने त्याला 30 लाखांना घेतले आणि वर्षभराने करारमुक्त केले.

हा ‘करारमुक्त’ शब्द मोठा फसवा आहे. बास्केटबॉलपटू मुक्त होतो तेव्हा त्याच्यासमोर दारे उघडतात. आपल्याकडील तरुण खेळाडू मुक्त होतो तेव्हा त्याच्यामागे एक दार बंद होते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत आणि कोणता अर्थ कोणाच्या वाट्याला यावा हे केवळ गुणांवर ठरत नाही. संघाने येथे कोणताही नियम मोडलेला नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. प्रश्न आहे तो नियमाचाच. संघात ठेवून न खेळविण्याचा आणि न खेळविता सोडून देण्याचा संपूर्ण अधिकार एका पक्षाकडे असेल, तर दुसऱ्या पक्षाने आपले मोल सिद्ध करावे तरी कोठे?

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, बाजार म्हटला म्हणजे चढउतार आलेच; शिवाय दीड कोटी रुपये मिळालेल्या तरुणाबद्दल हळहळ कशाला? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु याच जिल्ह्यातील शिक्षकांना बदलीचा अनुभव आहे. बदलीच्या काळात तेथेही वावड्या उठतात, यादीत नाव कोणाचे आले आणि कोणाचे गळले याच्या कहाण्या पसरतात. पण 2017 च्या धोरणानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांना संवर्ग, ज्येष्ठता आणि पसंतीक्रम यांची चौकट आली. त्या चौकटीबद्दल तक्रारी आहेत. तथापि तक्रार करता येते, याचाच अर्थ नियम अस्तित्वात आहे. पगाराचा आकडा मोठा असला म्हणून नियमाची गरज नाहीशी होत नाही. शिवाय खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची असते. त्यातील दोन-तीन वर्षे बाकावर बसून गेली तर ती परत मिळत नाहीत.

याच जिल्ह्यात दुसरे एक चित्र आहे आणि ते अधिक बोलके आहे. धाराशिवचे नाव देशाच्या क्रीडानकाशावर नेले ते क्रिकेटने नव्हे, खो-खोने. 2016 च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे ही येथलीच. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होती. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय महिलांनी नेपाळला 78-40 असे हरवून जिंकला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. या खेळाडूंच्या भोवती बाजार उभा राहिलेला नाही. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा 2022 मध्ये सुरू झाली. तिचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. शासकीय सेवेतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण किंवा रेल्वेसारख्या संस्थेतील नोकरी हाच येथील मुलींचा खरा करार असतो. त्या कराराची रक्कम लहान असते, पण एखादा हंगाम फुकट गेला म्हणून तो तुटत नाही. ज्या गावांत पाऊस आणि पीक यांचा भरवसा नसतो, तेथील पालक मुलीला मैदानावर पाठवितात ते या स्थैर्याकडे पाहून.

म्हणून दोन गोष्टी एकदमच मागितल्या पाहिजेत. क्रिकेटमध्ये खेळत्या खेळाडूंची संघटना मान्य व्हावी आणि ठराविक हंगाम एका संघाकडे काढल्यावर लिलावाशिवाय संघ निवडण्याचा हक्क खेळाडूला मिळावा. संघात घेतलेल्या तरुणाला त्या काळात खेळण्याची किमान संधी कशी मिळेल, याचाही विचार व्हावा. अन्य संघाकडे तात्पुरते पाठविण्याची प्रथा फुटबॉलमध्ये रुळलेली आहे. दुसरीकडे खो-खोसारख्या खेळात महिलांची व्यावसायिक स्पर्धा सुरू व्हावी. पण ती नोकरीच्या हमीला पर्याय म्हणून नव्हे, तर तिची जोड म्हणून. बाजार आल्यावर हमी काढून घेतली गेली, तर आज बाजारात उभ्या असलेल्या तरुणांच्या वाट्याला आलेली अनिश्चितता उद्या या मुलींच्याही वाट्याला येईल.

पुढच्या हंगामापूर्वी पुन्हा नावे चर्चेत येतील, पुन्हा कोणी तरी आतल्या गोटाचा हवाला देईल. ती करमणूक कोणी टाळावी असे नाही. मात्र सोडलेल्या खेळाडूंची यादी प्रसिद्ध होते, तेव्हा तिच्या तळाशी लहान अक्षरांत असलेली नावेही वाचली जावीत. तुळजापूर, भूम, कळंब यांसारख्या गावांतून मोठ्या मैदानाकडे निघालेली मुले बहुधा तेथेच सापडतात. आणि नियम बदलायचे असतील तर ते प्रथम त्यांच्यासाठी बदलले पाहिजेत.