हॉकीच्या मॅचमध्ये ‘बास्केटबॉल’ची ओरड कशासाठी? आणि कृष्णवर्णीय चाहते आपली जागा कशी मिळवतायत?

१७ फेब्रुवारी २०१८. शिकागो ब्लॅकहॉक्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स यांची मॅच सुरू होती. कॅपिटल्सचा डेव्हान्टे स्मिथ-पेली शिक्षा म्हणून पेनल्टी बॉक्समध्ये बसला होता. काचेपलीकडून काही प्रेक्षक त्याच्याकडे बघून ओरडायला लागले, “बास्केटबॉल, बास्केटबॉल!”

वरवर बघितलं तर ही शिवी वाटत नाही. पण स्मिथ-पेली कृष्णवर्णीय आहे. त्यामुळे अर्थ सरळ होता : तुमचा खेळ तो, मग तू इथे काय करतोयस? चौघांना बाहेर काढण्यात आलं, ब्लॅकहॉक्सने माफी मागितली.

आता ही हॉकी म्हणजे ध्यानचंद यांची नव्हे. बर्फावर स्केट्स घालून खेळतात ती आइस हॉकी. एनएचएल ही तिची सगळ्यात मोठी लीग, अमेरिका आणि कॅनडातल्या मिळून ३२ टीम्स. खेळाडू आणि प्रेक्षक, दोन्हींत बहुसंख्य गोरे. म्हणूनच ‘हा गोऱ्यांचा खेळ’ हे इतकं सहज खपून जातं.

पण इतिहास काय सांगतो? एनएचएल सुरू झाली १९१७ मध्ये. त्याच्या २२ वर्षं आधी, १८९५ मध्ये, कॅनडातल्या हॅलिफॅक्सला कृष्णवर्णीयांची स्वतःची हॉकी लीग सुरू झाली होती. बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी ती उभी केली. गोलकीपरने बर्फावर झोकून देऊन पक अडवायची पद्धत याच लीगमधून आली, असं काही अभ्यासक मानतात. या लीगचं पोस्टाचं तिकीट मात्र कॅनडाने काढलं थेट २०२० मध्ये!

एनएचएलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १८ जानेवारी १९५८ ला. विली ओ’री, बोस्टन ब्रुइन्सकडून. त्याला उजव्या डोळ्याने जवळपास काहीच दिसत नव्हतं आणि हे त्याने लपवून ठेवलं होतं. त्याच्यानंतरचा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, यायला १९७४ उजाडलं.

यामागे पैशाचंही कारण आहे. बॉल कुठेही टप्पे देत खेळता येतो; हॉकीला स्केट्स लागतात, पॅड्स लागतात आणि भाड्याने घेतलेला बर्फ लागतो. वॉशिंग्टनमध्ये नील हेंडरसन यांनी १९७८ मध्ये ‘फोर्ट ड्युपॉन्ट’ नावाच्या रिंकवर वस्तीतल्या मुलांसाठी क्लब काढला, तो नेमका याच अडचणीवर. २०१९ मध्ये अमेरिकेच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं.

हे झालं खेळणाऱ्यांचं. बघणाऱ्यांचं काय? हजारो गोऱ्या चेहऱ्यांत आपण एकटेच, वर कोणी काही बोललं तर शेजारचे गप्प बसतील ही धास्ती. अशा वेळी मॅच घरीच बघितलेली बरी वाटते. कॅलिफोर्नियाच्या रेने हेस यांनी २०१८ मध्ये ‘ब्लॅक गर्ल हॉकी क्लब’ सुरू केला. आयडिया साधी होती : कृष्णवर्णीय बायकांनी एकत्र तिकिटं काढायची आणि घोळक्याने मॅचला जायचं. पहिली भेट त्याच डिसेंबरमध्ये, वॉशिंग्टनला, कॅपिटल्सच्या मॅचला. पुढे क्लबने हॉकी खेळणाऱ्या मुलींसाठी स्कॉलरशिपही सुरू केली.

लीगही साजरं करते. फेब्रुवारीत, म्हणजे ब्लॅक हिस्टरी मंथमध्ये, अनेक टीम्स खास रात्री ठेवतात. फिरतं म्युझियम आहे. ओ’रीचा २२ नंबर ब्रुइन्सने २०२२ मध्ये सन्मानाने निवृत्त केला. पण त्याच वर्षी लीगनेच काढलेल्या अहवालात लीग आणि टीम्सच्या कर्मचाऱ्यांपैकी जवळपास ८४ टक्के गोरे निघाले. २०२३ मध्ये प्राइड जर्सी घालायला काही खेळाडूंनी नकार दिला, तेव्हा एनएचएलने वॉर्मअपमधल्या सगळ्याच खास जर्सी बंद केल्या. त्यात ब्लॅक हिस्टरी नाइटच्या जर्सीही गेल्या. वाद एका जर्सीचा आणि किंमत सगळ्यांनी मोजायची, हा न्याय जरा अजबच. लीगने दिलेली रात्र लीग कधीही आवरती घेऊ शकते, हे त्यातून दिसलं. तिकीट काढून बसलेल्या घोळक्याला मात्र तसं आवरता येत नाही.

आणि हो, स्मिथ-पेली. शिकागोच्या त्या प्रकारानंतर चार महिन्यांत स्टॅनली कपच्या फायनलमध्ये कॅपिटल्स २-३ ने मागे होते. बरोबरीचा गोल त्यानेच झेपावून मारला. कॅपिटल्सनी ती मॅच ४-३ ने जिंकली आणि त्यांच्या इतिहासातला पहिला कपही.